कादंबरीच्या मागं सूची का नसते

मी माहितीची पुस्तकं वाचणारा माणूस आहे. साप चावल्यावर पहिल्या तासात काय करायचं, जुन्या लोकांनी डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून शहरात कसं आणलं, यकृत दिवसभर काय करतं, असलं काही असलं की मला पुस्तक खाली ठेववत नाही. पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची पानं उघडतो. चांगल्या पुस्तकाच्या मागं सूची असते. अक्षरांच्या क्रमानं शब्द आणि शब्दापुढं पानांचे आकडे. हवं ते शोधायचं, त्या पानावर जायचं, काम झालं.

कादंबऱ्यांबद्दल माझी मतं थोडीच आहेत आणि जी आहेत ती चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगण्याइतपतच आहेत. कादंबरीतला माणूस कामावर जातो असं लिहिलेलं असतं, पण तिथं जाऊन तो नेमकं काय करतो ते कळत नाही. कुणाला खोकला आला की तो शंभर पानांत मरतो, साधा खोकला कुणालाच होत नाही. कुणी ट्रॅक्टर घेतलाच, तर तो शेवटच्या पानापर्यंत बिनबोभाट चालतो. मी गेली अठरा वर्षं मोंढा नाक्याजवळ ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. ज्याचा क्लच कधीच गेला नाही असा ट्रॅक्टर मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पिशोरकडचा, कन्नडकडचा, अजिंठ्याकडचा शेतकरी सकाळच्या एसटीनं येतो. हातात फडक्यात गुंडाळलेला मोडका तुकडा असतो. नाव त्याला माहीत नसतं. तो म्हणतो, "ते खाली असतंय बगा, दांड्याच्या मागं, त्यातलं हे." मग मी कंपनीचा जाडजूड कॅटलॉग काढतो, मागची सूची बघतो, तिथून चित्राच्या पानावर जातो आणि त्या तुकड्याची जागा शोधतो. एका मोडक्या तुकड्यावरून आख्खं यंत्र ओळखायचं, एवढंच मला येतं. पण ते मला चांगलं येतं, हे मी आता न लाजता म्हणतो.

पूर्वी म्हणत नव्हतो. मी आठवी शिकलेलो आहे. आमचं गाव चंद्रपूरच्याही पलीकडं, धानाच्या मुलखात. इथून निघालं की पोचायला आख्खा दिवस आणि वर थोडं लागतं. गावची शाळा आठवीपर्यंतच होती. नववीसाठी नदीपलीकडं जावं लागे आणि नदीवर तेव्हा पूल नव्हता. घरातही एका हाताची गरज होती. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं चुलतभावाच्या मागं वाळूजला कंपनीत लागलो, कंपनी बंद पडली, आणि एका ओळखीनं सेठच्या दुकानात आलो. सेठनी पहिल्या दिवशी शिक्षण विचारलंच नाही. कॅटलॉग पुढं ठेवला आणि म्हणाले, "पढ़ के बताव." मी वाचलं. त्यावर माझी नोकरी लागली. तेव्हापासून माझ्यामुळं या माणसाला कधी खाली मान घालावी लागेल की काय, एवढी एक भीती मी कायम खिशात घेऊन हिंडतो.

मी छावणी भागात एका खोलीत राहतो. तिथून दहा मिनिटांच्या चालीवर एक वाचनालय आहे. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी धीर करून आत गेलो. फॉर्मवर या शहरातल्या एका ओळखीच्या माणसाची हमी म्हणून सही लागत होती. फॉर्म मी आधीच्या रविवारी दारातूनच मागून नेला होता आणि सेठकडून कोऱ्यावरच सही घेऊन ठेवली होती. सेठ उर्दूत सही करतात, उजवीकडून डावीकडं, एका दमात. बाकीचं मी भरलं आणि 'शिक्षण' या रकान्यापाशी थांबलो. तो तसाच सोडून फॉर्म पुढं सरकवला.

टेबलामागच्या ग्रंथपाल ताईंनी पेन उचललं. मी हातात धरलेलं पाण्याच्या नळांचं जाडं पुस्तक त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "ग्रॅज्युएशन?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता यायचं नाही. ताईंनी 'पदवीधर' असं लिहिलं. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही. कार्ड घेऊन बाहेर आलो आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, की त्या खोट्या शब्दाच्या चार बोटं खाली सेठची सही आहे.

त्या वाचनालयाचा एक नियम आहे. एका वेळी दोन पुस्तकं मिळतात, पण एक माहितीचं घेतलं तर दुसरं कथा-कादंबरीतलं घ्यावं लागतं. नाहीतर कपाटाची एक बाजू रिकामी होते आणि दुसरीवर धूळ बसते, असं ताईंचं म्हणणं. मी त्यावर उपाय काढला होता. सगळ्यात बारीक कादंबरी उचलायची, पंधरा दिवस खोलीत ठेवायची आणि तशीच परत करायची. चार वर्षं मी असल्या बारीक कादंबऱ्यांना छावणीची हवा दाखवून आणली.

मग मला चिकनगुनिया झाला. सांधे असे धरले की मानेखालची उशी सारखी करायला दहा मिनिटं लागायची. माहितीचं पुस्तक दोन दिवसांत संपलं आणि उरली ती कादंबरी. त्या खेपेला बारीक मिळाली नव्हती म्हणून चारशे पानांची आणली होती. एका मास्तरची गोष्ट होती. आई लवकर गेलेली, मोठ्या बहिणीनं सगळ्या भावंडांना वाढवलेलं. तिला घरातले, गल्लीतले, सगळे अक्का म्हणतात. तीन पिढ्या, भरपूर लग्नं. सत्तर पानांत सोळा माणसं आली आणि त्यातल्या दोघांचं नाव एकच. मी हरवलो. सवयीनं मागची पानं उघडली, तर तिथं सूची नव्हती. मला मनापासून राग आला. एवढी माणसं गोळा करायची आणि कोण कुठं आहे ते सांगायचं नाही, ही काय रीत झाली?

मग मीच सूची करायला घेतली. घरात कागद नव्हता. दुकानातून आणलेलं ऑइल सीलचं रिकामं खोकं होतं, ते उलगडलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहीत गेलो. आधी माणसं. मग वस्तू, कारण वस्तूंशिवाय माझं चालत नाही. ट्रंक, शिलाई मशीन, घड्याळ. मग कामं. पत्र लिहिणं, भांडण, प्रवास, जेवण. जेवणापुढं कोण कुठल्या पानावर जेवलं ते नावानिशी. मास्तर तर भरपूर जेवला होता. दोन्ही भाऊ, जावई, पाहुणे, एकदा पोस्टमनसुद्धा. अक्कापुढं एकच आकडा आला. पान दोनशे बारा. चुलीपाशी उभ्या उभ्या, पातेल्याच्या तळाची भाताची खरवड.

मला वाटलं, माझं चुकलं. दुकानात एखादा नंबर सापडला नाही तर आम्ही कंपनीला नावं ठेवत नाही, आधी स्वतःचं बघतो. अक्कापुढं कंसात 'तपासावं' असं लिहिलं आणि कादंबरी पहिल्यापासून पुन्हा वाचली. चारशे पानं, फक्त अक्का कुठं जेवते ते बघायला. ती प्रत्येक प्रकरणात होती. वाढत होती, निवडत होती, कुणाची वाट बघत होती. बसून जेवताना एकदाही नाही. पुस्तक मिटलं तेव्हा ताप उतरला होता आणि मला उगाच गावाकडं फोन लावावासा वाटला. आईला विचारलं, आज कुठं बसून जेवलीस? ती हसली. "असं काऊन इचारतेस रे बाबू?" म्हणाली आणि नेहमीसारखी माझ्याच जेवणाकडं वळली. तिनं उत्तर दिलं नाही, हे फोन ठेवल्यावर ध्यानात आलं.

बरं वाटल्यावर पुस्तक परत केलं. पुठ्ठ्याचा कागद त्यातच राहिला.

आठवड्यानं भर दुपारी काउंटरवर एका गिऱ्हाइकाला वॉशर मोजून देत होतो आणि फोन वाजला. वाचनालयाच्या ग्रुपवर ताईंनी फोटो टाकला होता. माझं अक्षर, माझी पेन्सिल, कडेला ऑइल सीलच्या खोक्याची घडी. खाली लिहिलं होतं, 'ही सूची कोणाची आहे? त्यांनी रविवारी अकरा वाजता वाचकांच्या बैठकीला अवश्य यावे.' वाचनालयात भिंतीवर पाटी आहे, पुस्तकात खुणा करणाऱ्याचं कार्ड रद्द होईल. मी समासात बारीक टिंबं दिली होती. थोड्या वेळात लोक लिहू लागले. कुणी अंगठा दाखवला. एकानं लिहिलं, 'हे पीएचडीवाल्याचं काम दिसतंय.' ते वाचून मी फोन उपडा ठेवला. खुणा केल्या म्हणून कार्ड गेलं असतं तर गेलं असतं. पण मला शोधताना ते फॉर्म काढणार, त्यावर पदवीधर लिहिलेलं, आणि त्याखाली ती उर्दू सही. या शहरात मला ओळख मिळाली ती त्या एका सहीनं. तीच आता खोट्याची साक्षीदार ठरणार होती.

दोन दिवस मी चुकीचे पार्ट काढून देत होतो. तिसऱ्या दिवशी सेठनी विचारलं, "क्या हुआ भाई, सूरत कायकू उतरी?"

मी कागदाचं सांगितलं. ते म्हणाले, "चोरी करे क्या?"

"नाही सेठ."

"किताब फाड़े?"

"नाही."

"फिर?"

आमचं बोलणं असंच असतं. ते त्यांच्या भाषेत, मी माझ्या. मग मी फॉर्मचंही सांगून टाकलं, मान कशी हलली, ताईंनी काय लिहिलं आणि मी चार वर्षं गप्प कसा राहिलो. सेठ हातातलं बेअरिंग बोटानं फिरवत राहिले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. बेअरिंग थांबलं तेव्हा एवढंच म्हणाले, "नीचे मेरी दस्तखत है ना. इतवार कू जाव, सीधा करके आव."

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसली होती. मधल्या खुर्चीवर कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर होते, ही बैठक तेच चालवतात. त्यांच्या हातात माझा पुठ्ठा होता. शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या असं नंतर कळलं. त्या महिन्याची कादंबरी नेमकी तीच होती आणि भांडण चालू होतं. सरांचं म्हणणं, अक्का तृप्त आहे, दुसऱ्यांना वाढण्यातच तिचं सुख आहे, लेखकाला तेच दाखवायचं आहे. नर्सबाई म्हणत होत्या, की तृप्त माणूस कसा दिसतो ते मी वॉर्डात रोज जेवणाच्या वेळेला बघितलंय, आणि अक्का त्यात बसत नाही. पुरावा म्हणून त्या सरांच्या हातातल्या माझ्या पुठ्ठ्याकडं बोट दाखवत होत्या.

ताईंनी मला दारात पाहिलं. ऑइल सीलच्या खोक्यावरून त्यांना आधीच संशय आला असावा. "तुमचीच ना?" मी हो म्हणालो. या वेळी मान हलवली नाही, तोंडानं म्हणालो.

सरांनी खुर्ची पुढं केली आणि आदरानं विचारलं, "उत्तम काम आहे. ग्रंथालयशास्त्र कुठून केलंत आपण?"

सगळे माझ्याकडं बघत होते. म्हटलं, "मी आठवी शिकलोय सर. मोंढ्यात ट्रॅक्टरचे पार्ट विकतो. माझ्या कार्डावर पदवीधर लिहिलंय, ते खरं नाही. ज्यांनी माझी हमी दिलीय त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांची सही कोऱ्या फॉर्मवर होती. एवढं सांगायला आलो होतो. पुस्तकात टिंबं मीच दिली आहेत."

ताई हळू म्हणाल्या, "ते मी लिहिलं होतं. तुम्ही तोंडातून शब्द काढला नव्हता." त्या मला वाचवत होत्या, हे कळलं. मी म्हटलं, काढायला हवा होता.

नर्सबाईंनी पुठ्ठा सरांच्या हातातून स्वतःकडं घेतला. "सर, ही कादंबरी तुम्ही किती वर्षं शिकवली म्हणालात?"

सर हसले, पण थोडे लागल्यासारखे. म्हणाले, मोजदाद करणं म्हणजे वाचणं नव्हे, कादंबरीत जे लिहिलेलं नसतं तेही वाचावं लागतं. मग मला विचारलं, तुमचं काय मत? मत विचारलं की माझी जीभ कोरडी पडते, पण त्या दिवशी अवघड ते सगळं बोलून झालं होतं. म्हटलं, "मला कादंबरीतलं फार कळत नाही सर. आमच्याकडं माणूस मोडका तुकडा फडक्यात गुंडाळून आणतो. तो कुठं बसत होता एवढं मी शोधतो. हिचा तुकडा दोनशे बाराव्या पानावर सापडला. आणि जे लिहिलेलं नाही ते वाचायचं म्हणाल, तर बाकीच्या चारशे पानांत ती बसून जेवल्याचं लिहिलेलं नाही. मी दोनदा बघितलं."

नर्सबाई मोठ्यानं हसल्या. मागच्या बाकावरचे दोघं-तिघंही हसले. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दोनशे बारा पुन्हा वाचू या. तुम्हीच वाचा." मी वाचलं. शाळा सोडल्यानंतर माणसांसमोर मोठ्यानं वाचायची ती पहिलीच वेळ. आख्खं पान संपवलं.

सरांनी आपलं मत बदललं असं नाही. निघताना मला म्हणाले, "अक्का तृप्तच आहे, पण आता मला ते सिद्ध करावं लागेल." मला ते फार आवडलं. माझ्यामुळं एका प्राध्यापकाला काम लागलं होतं. पुढच्या महिन्याच्या कादंबरीची सूची करायचं माझ्याकडं आलं. पहिल्या सूचीचा पुठ्ठा ताईंनी त्या कादंबरीच्या शेवटच्या पानानंतर डिंकानं चिकटवलाय. मधूनमधून जाऊन बघतो. कुणीतरी निळ्या शाईनं 'शिलाई मशीन'पुढं माझ्याकडून राहिलेला एक आकडा घातला आहे. तपासला, बरोबर निघाला. एक दिवस वाईट वाटलं, मग बरं वाटलं.

कादंबऱ्यांबद्दल माझी तक्रार अजून आहे तिथंच आहे. त्यांतल्या ट्रॅक्टरचा क्लच अजून जात नाही. फक्त आता मी जाडजूड कादंबऱ्या घेतो.

कार्डाचं राहिलं. ताईंनी जुना फॉर्म काढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, खाडाखोड नको, नवा भरू. नवा भरायचा म्हणजे हमीची सहीही नवी. 'शिक्षण' या रकान्यात मी माझ्या हातानं 'आठवी' लिहिलं आणि सोमवारी तो कागद काउंटरवर सेठच्या पुढं ठेवला. समोर पिशोरचं एक गिऱ्हाईक क्लच प्लेट घेऊन उभं होतं.

सेठना मराठी समजतं तितकं वाचायला येत नाही. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि वरून एकेक ओळ लावत खाली आले. नाव. पत्ता. धंदा. 'आठवी'पाशी बोट थांबलं, मग पुढं गेलं. गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, मला साडेबाराची गाडी हाय. आमचं बगा की जरा." सेठनी त्याला हातानं थांबवलं. फडक्याला बोटं पुसली, पेन घेतलं आणि उजवीकडून डावीकडं सही केली.

"पैले वाला मैं पढ़ाच नहीं था," ते म्हणाले. "ये पढ़ के किया."

मी कागद घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि पिशोरवाल्याची क्लच प्लेट हातात घेतली.